हिशेब पक्का, पहारा कच्चा : अणुसेफगार्ड्स आणि अणुसुरक्षेच्या एका पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे परीक्षण

सेफगार्ड्स आणि अणुसुरक्षा या जोडविषयावरील दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम पूर्ण केल्यानंतर, त्याकडे वळू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी हे परीक्षण लिहीत आहे. विद्यापीठाचे नाव मुद्दाम दिलेले नाही. विषयाशी परिचय नसलेल्या वाचकासाठी आधी एवढे सांगणे आवश्यक आहे, की सेफगार्ड्स म्हणजे एखाद्या देशाने आपल्याकडील युरेनियम, प्लुटोनियम इत्यादी द्रव्यांचा जो हिशेब आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेला दिलेला असतो तो खरा आणि पुरा आहे की नाही, त्यातले काही गुपचूप अस्त्रनिर्मितीकडे वळवले गेले नाही ना, हे पडताळण्याची व्यवस्था. तेथे संशय घ्यायचा तो खुद्द देशावर. अणुसुरक्षेत तोच देश रक्षणकर्ता असतो आणि संशय असतो चोरावर, घातपात करणाऱ्यावर किंवा केंद्रात रोज कामाला येणाऱ्या एखाद्या कर्मचाऱ्यावर. या दोन्ही बाजू एकाच पदवीत शिकवण्याचा घाट या अभ्यासक्रमाने घातला आहे. माझ्या मते त्यातली पहिली बाजू उत्तम शिकवली जाते, दुसरी जेमतेम. आणि दोन्ही बाजू एकमेकींना भिडतात तो भाग सर्वांत कसदार असूनही त्याच्या वाट्याला सर्वांत कमी तासिका आल्या आहेत.

वर्ग संमिश्र असतो. भौतिकशास्त्राचे आणि रसायन अभियांत्रिकीचे पदवीधर, कायदा किंवा आंतरराष्ट्रीय संबंध शिकून आलेले विद्यार्थी, आणि सीमाशुल्क खात्यातून वा नियामक मंडळातून अध्ययन रजेवर आलेले काही अधिकारी असे सारे एकत्र बसतात. पहिल्या सत्रात विज्ञानेतर विद्यार्थ्यांना विखंडन, किरणोत्सर्ग आणि खाणीपासून पुनर्प्रक्रियेपर्यंतचे इंधनचक्र शिकवले जाते, तर विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना करारांचा कायदा. ही पूर्वतयारी ठीक आहे. परंतु पुढे ज्याच्यावाचून पावलोपावली अडते ते संख्याशास्त्र कोणालाच नीट येत नाही, आणि त्याची पूर्वतयारी मात्र करून घेतली जात नाही. मोजमापातील त्रुटींचा सिद्धांत भौतिकशास्त्राच्या पदवीधरालाही वाटतो तेवढा अवगत नसतो, हे दुसऱ्या सत्राच्या पहिल्याच चाचणीत उघडे पडते.

अणुद्रव्याच्या हिशेबाचा विषय हा या अभ्यासक्रमाचा मानबिंदू आहे. कल्पना ऐकायला साधी वाटते. केंद्राचे हिशेबी विभाग पाडायचे, प्रत्येक विभागाची आरंभीची शिल्लक घ्यायची, तीत आवक मिळवायची, जावक वजा करायची, आणि जी पुस्तकी शिल्लक येईल ती वर्षाअखेर प्रत्यक्ष मोजलेल्या शिल्लकेशी ताडून पाहायची. जेथे द्रव्य सीलबंद इंधनजुडग्यांच्या रूपात असते त्या अणुभट्टीत हे मोजणीचे काम आहे आणि नग जुळायलाच हवेत. जेथे ते भुकटी, द्रावण किंवा वायूच्या रूपात वाहते असते त्या कारखान्यात मात्र तफावत शून्य कधीच येत नाही. काही द्रव्य नळांच्या आतल्या बाजूला चिकटते, काही गाळणीत अडकते, काही भंगारात जाते, आणि प्रत्येक तराजू व प्रत्येक रासायनिक पृथक्करण आपापली त्रुटी बरोबर घेऊन येते. किंबहुना अशा कारखान्याची तफावत वर्षानुवर्षे शून्य येत राहिली, तर निरीक्षकाने आधी वहीकडेच संशयाने पाहावे, अशी शिकवण पहिल्याच आठवड्यात मिळते.

मग प्रश्न उरतो तो एवढाच, की किती तफावत चालवून घ्यायची. येथे अभ्यासक्रम खऱ्या अर्थाने रंगात येतो. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने ठरवलेली लक्षणीय मात्रा प्लुटोनियमसाठी ८ किलोग्रॅम आहे. अतिसमृद्ध युरेनियमसाठी (म्हणजे ज्यात युरेनियम-२३५ चे प्रमाण वाढवून २० टक्के वा त्याहून अधिक केलेले असते त्यासाठी) ती त्यातील २५ किलोग्रॅम युरेनियम-२३५ एवढी, तर २० टक्क्यांहून कमी समृद्ध युरेनियमसाठी ७५ किलोग्रॅम युरेनियम-२३५ एवढी आहे. एक स्फोटक साधन तयार होण्याची शक्यता नाकारता येणार नाही, अशी ही अदमासे मात्रा असून तीत प्रक्रियेतील अपरिहार्य घट धरलेली आहे. किती मुदतीत छडा लागला पाहिजे हेही ठरलेले आहे : किरणोत्सारित न झालेले आणि थेट वापरता येण्याजोगे द्रव्य असेल तर एक महिना, वापरून काढलेल्या इंधनातील प्लुटोनियम असेल तर तीन महिने, आणि कमी समृद्ध युरेनियमसारखे आणखी प्रक्रिया लागणारे द्रव्य असेल तर एक वर्ष. हे आकडे पाठ करणे कोणालाही जमेल. शिकवणाऱ्यांची हातोटी अशी, की त्यांनी हे आकडे लगेच जपानमधील रोक्काशो पुनर्प्रक्रिया प्रकल्पाच्या आराखड्याशी भिडवले. त्या प्रकल्पाची नियोजित क्षमता वर्षाला ८०० टन वापरलेले इंधन हाताळण्याची आहे आणि तेवढ्या इंधनातून सुमारे ८ टन प्लुटोनियम वेगळे होते. वर्षभराच्या मोजमापात अवघी एक टक्का अनिश्चितता धरली तरी ती ८० किलोग्रॅम होते, म्हणजे लक्षणीय मात्रेच्या दहापट. ८ किलोग्रॅमची तूट ९५ टक्के संभाव्यतेने पकडायची आणि खोटा इशारा ५ टक्क्यांहून अधिक वेळा द्यायचा नाही, असे ठरवले तर तफावतीचे प्रमाण विचलन (मोजमापे किती विखुरतात त्याचे माप) साधारण २.४ किलोग्रॅमच्या आत ठेवावे लागते. एवढ्या मोठ्या उलाढालीत वार्षिक ताळेबंदाला ते झेपत नाही. नुसत्या हिशेबावर भागत नाही म्हणून कॅमेरे, सील, टाक्यांच्या पातळीची अखंड नोंद आणि थोड्या थोड्या दिवसांनी काढलेले ताळेबंद यांची जोड द्यावी लागते, ही गोष्ट येथे स्वतःच्या हाताने केलेल्या आकडेमोडीतून पटते. अनेक वेळा मोजून सरासरी काढल्याने यादृच्छिक त्रुटी कमी होते, पद्धतशीर त्रुटी जशीच्या तशी राहते, हा पाठ्यपुस्तकातला नियमही या उदाहरणानंतर निराळ्या गांभीर्याने कळतो.

या विषयाची गृहपाठाची पद्धत खास उल्लेखावी अशी आहे. विद्यार्थ्यांना एका काल्पनिक इंधननिर्मिती कारखान्याची दीर्घ काळाची नोंदवही दिली जाते. काहींच्या नोंदींत एकदाच केलेली मोठी चोरी दडवलेली असते, काहींच्या नोंदींत दर महिन्याला थोडे थोडे द्रव्य काढून नेलेले असते, आणि काहींच्या नोंदींत काहीच गैर नसते. कोणाच्या वाट्याला काय आले आहे ते सांगितले जात नाही. संचयी तफावतीचा आलेख काढून, निरनिराळ्या चाचण्या लावून निष्कर्षाचा अहवाल द्यायचा असतो. अहवालात 'चोरी झालेली नाही' असे सरळ विधान केले की गुण कापले जातात. अमुक एवढी तूट अमुक संभाव्यतेने उघडकीस आली असती आणि तशी ती आढळली नाही, असेच लिहावे लागते. एरवी क्लिष्ट वाटणारी ही भाषा येथे काटेकोरपणे वापरावी लागते, कारण उद्या याच वाक्यावर एखाद्या देशावर आरोप ठेवायचा की नाही हे ठरणार असते.

प्रयोगशाळेविषयी मत देताना दोन्ही पारडी जवळजवळ समतोल राहतात. गॅमा वर्णपटमापनाचे प्रयोग उत्कृष्ट आहेत. युरेनियम-२३५ मधून निघणारा १८५.७ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचा गॅमा किरण जर्मेनियमच्या डिटेक्टरने मोजून समृद्धीचे प्रमाण काढायचे, हा मूळ प्रयोग. युरेनियम पुरेसे जाड असेल तर डिटेक्टरला त्याचा फक्त पृष्ठभागाजवळचा थर दिसतो आणि मोजणीचा वेग थेट समृद्धीच्या प्रमाणात राहतो, हे त्याचे मर्म आहे. पण युरेनियम धातूच्या किंवा काचेच्या भांड्यात असते, भिंतीची जाडी नेमकी ठाऊक नसते, आणि ती अल्ट्रासाउंड मापकाने मोजताना झालेली किंचित चूकही समृद्धीच्या आकड्यात उतरते. प्रयोग करून घेणाऱ्या साहाय्यकांनी वेगवेगळ्या जाडीच्या पोलादी चकत्या न सांगता मध्ये सरकवून हा धडा दिला, तो त्या वेळी त्रासदायक वाटला तरी योग्यच होता.

न्यूट्रॉनांचा भाग तत्त्वतः याहून सुंदर आहे. प्लुटोनियम-२४० आपोआप विखंडित होते आणि त्याच्या दर ग्रॅममधून सेकंदाला सुमारे हजार न्यूट्रॉन बाहेर पडतात. एकाच विखंडनातून निघालेले न्यूट्रॉन जवळजवळ एकाच क्षणी डिटेक्टरवर येतात. अल्फा कणांच्या अभिक्रियेतून निघणारे सुटे न्यूट्रॉन तसे जोडीने येत नाहीत. या जोड्या मोजून प्लुटोनियम-२४० चे प्रभावी वस्तुमान काढतात, ज्यात प्लुटोनियम-२३८ ला २.५२ आणि प्लुटोनियम-२४२ ला १.६८ असे भारांक देतात. मात्र एकूण प्लुटोनियम किती हे सांगायचे तर समस्थानिकांचे परस्पर प्रमाण गॅमा मापनातून आणावे लागते, म्हणजे एका उपकरणाचे उत्तर दुसऱ्याच्या उत्तरावर अवलंबून राहते आणि दोघांच्या त्रुटी एकत्र येतात. युरेनियम-२३५ चे स्वयंविखंडन नगण्य असल्यामुळे तेथे अमेरिशियम-लिथियमच्या स्रोतातून न्यूट्रॉन सोडून विखंडन घडवावे लागते. हे सारे फळ्यावर फार चांगले समजावले गेले. प्रत्यक्ष प्रयोगात मात्र कॅलिफोर्नियम-२५२ चा एक लहान स्रोत आणि अन्यत्र नोंदवून आणलेली आकडेवारी यांवरच समाधान मानावे लागले. हे टाळणे सोपे नाही हे मान्य आहे. १५ ग्रॅमहून अधिक प्लुटोनियम ठेवायचे म्हटले की ते भौतिक संरक्षणाच्या वर्गवारीत येते आणि विद्यापीठाच्या इमारतीला तो भार पेलत नाही. म्हणूनच आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आपल्या निरीक्षकांना अशा मोजमापाचे शिक्षण घेण्यासाठी अमेरिकेतील लॉस अलामोस प्रयोगशाळेत पाठवत आली आहे; इटलीतील इस्प्रा येथील युरोपीय संशोधन केंद्रातही तशी सोय आहे. तक्रार आहे ती वेगळीच : माहितीपत्रकात अशा एका प्रयोगशाळेतील निवासी प्रशिक्षण अभ्यासक्रमाचा भाग म्हणून छापलेले होते, ते आमच्या तुकडीला मिळाले नाही, आणि त्याऐवजी काय देणार हे अखेरपर्यंत कोणी सांगितले नाही.

सील, पाळत ठेवणारे कॅमेरे आणि वापरलेल्या इंधनाच्या तलावात दिसणारा चेरेन्कोव प्रकाश टिपणारी उपकरणे यांचा आढावा धावता होता. याला अधिक वेळ द्यायला हवा होता, कारण निरीक्षकाच्या कामाच्या दिवसातला मोठा वाटा याच गोष्टींत जातो.

करार आणि इतिहास यांचा भाग व्यवस्थित आहे. १९७० मध्ये अंमलात आलेला अण्वस्त्र प्रसारबंदी करार, त्याखालील व्यापक सेफगार्ड्स करारांचा 'इन्फसर्क १५३' (संस्थेचे परिपत्रक क्रमांक १५३) हा नमुना, १९९१ च्या आखाती युद्धानंतर इराकमधील अघोषित कार्यक्रम उघडकीस आल्यावर या व्यवस्थेला बसलेला हादरा आणि त्यातून १९९७ मध्ये मंजूर झालेला, अघोषित कामांचा शोध घेण्यासाठी निरीक्षकांना अधिक माहिती व प्रवेश देणाऱ्या अतिरिक्त प्रोटोकॉलचा नमुना, हा क्रम कोणत्याही चांगल्या पुस्तकात सापडेल. येथे त्याला प्रयोगशाळेची जोड मिळाली हे विशेष. १९९२ मध्ये उत्तर कोरियाने प्लुटोनियम एकदाच वेगळे केल्याचे सांगितले होते. नमुन्यांच्या पृथक्करणातून ते काम अनेक वेळा झाल्याचे दिसले. प्लुटोनियम-२४१ चे अर्धायुष्य सुमारे १४ वर्षांचे असून त्यातून अमेरिशियम-२४१ तयार होत जाते. त्यामुळे त्या दोघांच्या प्रमाणावरून प्लुटोनियम शेवटचे कधी शुद्ध केले गेले ते काढता येते. कायद्याच्या विद्यार्थ्यांनाही ही आकडेमोड करायला लावली गेली, आणि कापडाच्या तुकड्याने पुसून घेतलेल्या कणांवर एवढा मोठा राजकीय वाद कसा उभा राहू शकतो, हे त्यांना तेव्हा उमगले.

अणुसुरक्षेचे सत्र सुरू झाले की वर्गाची गती मंदावते. अणुद्रव्यांच्या भौतिक संरक्षणाचा करार १९८० मध्ये स्वाक्षरीसाठी खुला झाला आणि १९८७ मध्ये अंमलात आला. त्याचा मुख्य भर आंतरराष्ट्रीय वाहतुकीतील द्रव्यांवर होता. देशांतर्गत केंद्रे, साठवण आणि घातपात यांनाही व्यापणारी दुरुस्ती २००५ मध्ये संमत झाली, परंतु पुरेशा देशांची मान्यता मिळून ती अंमलात यायला ८ मे २०१६ उजाडले. अण्वस्त्रांसारखी संहारक अस्त्रे बिगरसरकारी गटांच्या हाती पडू नयेत यासाठीचा सुरक्षा परिषदेचा २००४ चा १५४० क्रमांकाचा ठराव आणि भौतिक संरक्षणाच्या शिफारशींची २०११ मधील पाचवी सुधारित आवृत्तीही याच सत्रात येते. दुरुस्तीच्या अकरा वर्षांच्या विलंबामागे काय होते, सार्वभौमत्वाच्या नावाखाली देश आपल्या पहाऱ्याची पद्धत बाहेरच्यांना का दाखवू इच्छित नाहीत, याची चर्चा रंगण्यासारखी होती. वर्गात शिफारशी एकामागून एक पडद्यावर आल्या आणि परीक्षेत त्याच क्रमाने विचारल्या गेल्या.

भौतिक संरक्षणाची आकडेमोड तेवढी याला अपवाद आहे. प्रत्येक देश आपल्या केंद्रांसाठी हल्लेखोर किती असतील, त्यांच्याकडे कोणती साधने असतील, आतून कोणी सामील असेल का, याचे एक गृहीत चित्र ठरवतो. डिझाइन बेसिस थ्रेट या नावाने ओळखले जाणारे हे चित्र गोपनीय असते, म्हणून विद्यार्थ्यांना काल्पनिक चित्र दिले जाते. मग कुंपण, दार, भिंत असे एकेक टप्पे मांडून प्रत्येक ठिकाणी चाहूल लागण्याची संभाव्यता आणि हल्लेखोराला लागणारा वेळ लिहायचा, आणि सुरक्षा दलाला पोचायला किती वेळ लागतो त्याच्याशी तुलना करायची. चाहूल लागण्याआधी हल्लेखोराचा जो वेळ मोडला तो रक्षकाच्या उपयोगाचा नाही, हे त्यातले कळीचे सूत्र. हे सारे खरोखर उपयुक्त आहे. तरीही एक गोष्ट खटकत राहिली. चाहूल लागण्याची संभाव्यता ०.९ धरा, असे प्रश्नात दिलेले असते आणि ती ०.९ आली कोठून, हे कोणी विचारत नाही. ज्या विद्यार्थ्यांना आदल्या सत्रात तराजूच्या प्रत्येक वाचनाची अनिश्चितता लिहिल्याशिवाय गुण मिळत नव्हते, त्यांनाच येथे एक दशांश आकडा वेदवाक्य म्हणून स्वीकारायला सांगितले जाते.

या त्रुटीचे गांभीर्य प्रत्यक्ष घटनांतून दिसते आणि त्या घटना अभ्यासक्रमात आहेतही, फक्त त्या आकडेमोडीला जोडलेल्या नाहीत. २८ जुलै २०१२ रोजी अमेरिकेतील ओक रिज येथील वाय-१२ या केंद्रात तीन शांततावादी निदर्शक, त्यांतील एक ८२ वर्षांची ख्रिस्ती संन्यासिनी, एकामागून एक कुंपणे कापत अतिसमृद्ध युरेनियमच्या कोठाराच्या भिंतीपर्यंत पोचले. चौकशीत आढळले ते असे, की तेथील यंत्रणा वारंवार खोटे इशारे देत असे, पहारेकऱ्यांना त्यांची सवय झाली होती, आणि मोक्याच्या जागेवरचा कॅमेरा बंद होता. कागदावरची ०.९ अशा ठिकाणी कशी गळून पडते, हे शिकवायला याहून चांगले उदाहरण मिळणार नाही. नोव्हेंबर २००७ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील पेलिंडाबा केंद्रात सशस्त्र टोळीने विजेचे कुंपण निकामी करून थेट नियंत्रण कक्ष गाठला होता. ऑगस्ट २०१४ मध्ये बेल्जियममधील डूल-४ अणुभट्टीच्या टर्बाइनचे वंगण तेल कोणीतरी सोडून दिले आणि ती भट्टी त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत बंद राहिली. संशयाची सुई आतल्याच माणसाकडे वळली. ब्राझीलमधील गोयानिया येथे सप्टेंबर १९८७ मध्ये बेवारस रुग्णोपचार यंत्रातून निघालेल्या सीझियम-१३७ मुळे चार जण दगावले, २४९ जणांच्या अंगावर वा शरीरात किरणोत्सारी द्रव्य आढळले आणि एक लाखाहून अधिक लोकांची तपासणी करावी लागली. रुग्णालयांतल्या आणि कारखान्यांतल्या किरणस्रोतांकडे दुर्लक्ष करू नये, हे त्यावरून शिकायचे. या चार घटनांना मिळून जेवढा वेळ मिळाला तेवढा एकेकीला मिळायला हवा होता.

दोन्ही बाजू जेथे भिडतात तो शेवटच्या सत्रातील सराव हा माझ्या मते या पदवीचा गाभा आहे. एका काल्पनिक इंधन कारखान्याचा नकाशा भिंतीवर लावून वर्गाचे तीन गट केले गेले : आंतरराष्ट्रीय निरीक्षक, कारखान्याचे चालक आणि सुरक्षाप्रमुखाची तुकडी. निरीक्षकांना कोठारात अचानक प्रवेश हवा होता आणि कॅमेऱ्याची चित्रे परदेशातील मुख्यालयात आपोआप जायला हवी होती. सुरक्षाप्रमुखाला कोण कधी येणार हे आधी कळायला हवे होते आणि कोठारातून बाहेर जाणारी एकही माहितीवाहिनी नको होती. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी रास्त होते, आणि मार्ग काढताना दोन्हीकडची कागदपत्रे समोर ठेवावी लागली. तेव्हा लक्षात आले, की सेफगार्ड्समध्ये प्लुटोनियमची लक्षणीय मात्रा ८ किलोग्रॅम असली तरी भौतिक संरक्षणात २ किलोग्रॅमलाच पहिला, म्हणजे सर्वांत कडक बंदोबस्ताचा वर्ग लागू होतो. अतिसमृद्ध युरेनियममध्येही एकीकडे २५ आणि दुसरीकडे ५ किलोग्रॅम. निरीक्षकाच्या दृष्टीने ज्या तुटीला अजून नावही नाही, ती पहारेकऱ्याच्या दृष्टीने मोठी चोरी ठरते. शिवाय निरीक्षकाला छडा महिन्याभरात लागला तरी चालतो, पहारेकऱ्याला तो काही तासांत लागायला हवा. म्हणून केंद्रातला हिशेब अंतर्गत चोराविरुद्ध कसा वापरावा, यावर आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने २०१५ मध्ये स्वतंत्र मार्गदर्शिका काढली, आणि ती या सरावात प्रथमच हातात पडली. खरे तर ती पहिल्या वर्षीच वाचायला द्यायला हवी होती.

सरावाच्या मध्यावर शिक्षकांनी आगीचा इशारा वाजल्याचे जाहीर केले. सुरक्षिततेच्या नियमाप्रमाणे सर्व दारे उघडली, कर्मचारी मैदानात जमले, आणि त्यांच्यातलाच एक जण खिशात काहीतरी घेऊन बाहेर आला होता. दारे बंद ठेवावीत तर माणसे जळतील, उघडावीत तर द्रव्य जाईल. मैदानाभोवतीही किरणोत्सर्ग टिपणारी दारे हवीत, जमलेल्यांची शिरगणती हवी आणि परत आत सोडण्यापूर्वी कोठाराची सीले तपासायला हवीत, या उत्तरापर्यंत पोचायला तिन्ही गटांना बराच वाद घालावा लागला. असा सराव प्रत्येक सत्रात का नसावा, हे विचारल्यावर मिळालेले उत्तर वेळापत्रकाविषयी होते.

काही गोष्टी अभ्यासक्रमात नाहीतच, आणि त्यांतली सर्वांत मोठी उणीव म्हणजे नव्या धाटणीच्या अणुभट्ट्या. चीनमधील शिदाओ उपसागराजवळच्या भट्टीत इंधन लहान गोलकांच्या रूपात असते आणि एकेका भट्टीत असे चार लाखांहून अधिक गोलक फिरत असतात. एका गोलकात सुमारे ७ ग्रॅम युरेनियम आणि समृद्धी साधारण साडेआठ टक्के धरली, तर त्यात जेमतेम ०.६ ग्रॅम युरेनियम-२३५ भरते. ७५ किलोग्रॅमची लक्षणीय मात्रा गाठायला सव्वा लाखाच्या घरात ताजे गोलक लागतील. या गोलकांवर क्रमांक नसतात. येथे नग मोजायचे की प्रवाह मोजायचा? वितळलेल्या क्षारात इंधन विरघळलेले असेल तर मोजायला नगच उरत नाही. कायमस्वरूपी भूगर्भात पुरलेल्या इंधनाचे काय, जे एकदा पुरल्यावर पुन्हा पाहताच येणार नाही? विद्यार्थ्यांच्या नोकरीची पुढली तीस वर्षे याच प्रश्नांत जाणार असताना त्यांना ऐच्छिक व्याख्यानमालेत ढकलणे समर्थनीय नाही. संगणक-सुरक्षेचेही तसेच, २०१० मध्ये उघडकीस आलेल्या, औद्योगिक नियंत्रण प्रणालींवर हल्ला करणाऱ्या स्टक्सनेट या संगणक-विषाणूची कथा सांगितली जाते, पण नियंत्रण प्रणालीला हात लावायला मिळत नाही.

व्यवस्थेविषयी थोडक्यात. ग्रंथालय चांगले आहे आणि विषयाची बहुतेक मूळ कागदपत्रे तशीही विनामूल्य उपलब्ध असतात. प्रकल्पाचे विषय देताना मात्र गोपनीयतेची मर्यादा आधी सांगितली जात नाही. एका सहाध्यायिनीने प्रबंध पूर्ण केल्यानंतर त्यातली दोन प्रकरणे प्रसिद्ध करता येणार नाहीत असे तिला कळवण्यात आले, आणि नोकरीसाठी दाखवायला तिच्याजवळ अर्धाच प्रबंध उरला.

पुढच्या वाटांविषयी विद्यार्थ्यांच्या मनात एक गैरसमज असतो आणि अभ्यासक्रम तो पुरेशा स्पष्टपणे दूर करत नाही. ही पदवी घेतली म्हणजे कोणी लगेच आंतरराष्ट्रीय निरीक्षक होत नाही. त्या जागांसाठी सामान्यतः काही वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव मागितला जातो. विकसनशील देशांतील तरुण पदवीधरांसाठी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचा सेफगार्ड्सचा प्रशिक्षणार्थी कार्यक्रम आहे, आणि अणुविषयक पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थिनींसाठी २०२० पासून मारी स्क्लोदोव्स्का-क्युरी यांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे. बहुतेकांना पहिली नोकरी राष्ट्रीय नियामक संस्थेत, इंधन कारखान्याच्या हिशेब विभागात किंवा सीमेवरील किरणोत्सर्ग तपासणीत मिळते. आधीच अशा नोकरीत असलेल्याने दोन वर्षे घालवण्याआधी छोट्या अभ्यासक्रमांचा विचार करावा. अमेरिकेतील सँडिया प्रयोगशाळा १९७८ पासून भौतिक संरक्षणाचा आंतरराष्ट्रीय प्रशिक्षणवर्ग चालवत आली आहे, आणि व्हिएन्नाजवळ सायबर्सडॉर्फ येथे ऑक्टोबर २०२३ मध्ये अणुसुरक्षेचे स्वतंत्र प्रशिक्षण व प्रात्यक्षिक केंद्र सुरू झाले आहे; पहारा आणि प्रतिसाद या विषयांत अशा ठिकाणी जे प्रत्यक्ष हाताळायला मिळते ते विद्यापीठाच्या वर्गात मिळत नाही. याउलट मोजमाप, संख्याशास्त्र आणि हिशेब ज्याला मुळापासून शिकायचे आहे त्याच्यासाठी हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम निःशंकपणे घेण्याजोगा आहे.

अशा कोणत्याही अभ्यासक्रमाला प्रवेश घेण्यापूर्वी संस्थेकडून काही गोष्टी लेखी मागून घ्याव्यात. प्रयोगशाळेतले न्यूट्रॉन मापन कोणत्या द्रव्यावर होते, बाहेरच्या प्रयोगशाळेशी झालेला करार चालू तुकडीपुरता वैध आहे का, आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने २०१० मध्ये प्रसिद्ध करून २०२१ मध्ये सुधारलेल्या अणुसुरक्षेच्या नमुना अभ्यासक्रमातील कोणते विषय येथे शिकवले जात नाहीत, आणि प्रबंधाच्या गोपनीयतेचा निर्णय कोणत्या टप्प्यावर व कोण घेते. यांतल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर विषय निवडण्याआधी मिळत नसेल, तर उघड उपलब्ध आकडेवारीवरच आधारलेला विषय घेणे श्रेयस्कर.